शेपटी पोचली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, तिवारीलाही नाही — आणि तिवारीला न सांगितलेली गोष्ट माझ्या पोटात सहा वर्षं टिकली, यावरूनच ती काय प्रकारची असेल ते ओळखा.

मी बोलका माणूस. गांधीबागेत माझं साड्यांचं ठोक दुकान आहे. तीस वर्षं एकच काम — घडी मोडायची, पदर हवेत उडवायचा, आणि समोरच्याचं ‘नको’ तोंडातून बाहेर पडायच्या आत दुसरी साडी उलगडायची. किस्सेही मी असेच सांगतो. हात आहेत, भुवया आहेत, मधेच थांबणं आहे. लोक हसले की मला भूक लागत नाही. त्यामुळे ही गोष्टही मी रंगवून सांगेन अशी भीती तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटते. मधे कुठं मी फार छान बोलायला लागलो, तर समजा की मी पळतो आहे.

तर — सायकल.

आमचा फोनवर एक ग्रुप आहे, ‘रविवार पायडल’. तेव्हा अडीचशे माणसं होती, आज चारशेच्या वर आहेत. डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, माझ्यासारखे पोट आत जावं म्हणून आलेले आणि पोट तसंच घेऊन फिरणारे आहेत. ॲडमिन मी. नवा माणूस ग्रुपमध्ये आला की त्याला सगळ्यात आधी दिसतं ते मी लिहिलेलं — ‘नव्यांसाठी बारा गोष्टी’. फुशारकी वाटेल, पण ते फार गाजलं. आल्या आल्या नाव, मोहल्ला आणि सायकल सांगावी. जात, पक्ष आणि पगार सांगू नये. सकाळी सकाळी फुलांचे फोटो पाठवू नयेत, फुलं आम्ही रस्त्यात पाहतो. दुसऱ्याच्या सायकलीला भंगार म्हणू नये, ती त्यानं घरच्यांशी भांडून आणलेली असते. हळू चालवणाऱ्याला हसू नये, तो तुमच्यापेक्षा जास्त वेळ सायकल चालवतो. असं. अमरावतीच्या, वर्ध्याच्या ग्रुपांनी ते माझं नाव काढून आपापल्या भिंतीवर लावलं. मी वरवर रागावलो आणि आतून आठवडाभर तरंगत होतो.

पण त्या बारांत काही गमतीचं नव्हतं, तेही होतं. ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून नीट सांगतो.

आमच्या राइडमध्ये सगळ्यांच्या मागे एक जुना माणूस राहतो. त्याला आम्ही शेपटी म्हणतो. पाळी लावलेली असते. शेपटीनं कुणालाही ओलांडायचं नाही. पुढचा थांबला की शेपटी थांबते, पुढच्याचं पंक्चर झालं की शेपटी खाली बसते. आणि नव्या माणसाला सांगितलेलं असतं — काही बिघडलं, तर आहात तिथंच थांबा. हलू नका. एकेकाला फोन लावू नका. चालत्या सायकलवर फोन घेताना माणूस पडतो. ग्रुपवर लिहा आणि थांबा. शेपटी तुमच्या मागेच आहे, ती येईल. मग ठिकाणावर पोचलं की शेपटीनं ग्रुपवर दोनच शब्द लिहायचे — ‘शेपटी पोचली’. म्हणजे सगळे आले, मागे कुणी उरलं नाही. हे दोन शब्द आल्याशिवाय कुणी पोह्याला हात लावत नाही. आणि आले की सगळे फोन खिशात जातात, कारण बारावी गोष्ट अशी की पोह्याच्या ताटलीसमोर फोन काढू नये.

ही बारावी का लिहिली? मी किस्सा सांगत असताना लोक फोन पाहतात, ते मला खपत नाही म्हणून. दुसरं कारण नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये प्रमिलाताई ग्रुपमध्ये आल्या. पंचेचाळिशीच्या. वाडीत राहतात, धाकट्या बहिणीबरोबर मेस चालवतात — गोदामातले हमाल, ट्रकवाले, ट्रान्सपोर्टचे बाबू त्यांच्याकडे जेवतात. त्यांचा पहिला मेसेज मला अजून पाठ आहे. ‘नमस्कार. प्रमिला, वाडी. सायकल जुनी, लाल. बाराही गोष्टी वाचल्या. सातवी नीट समजली नाही, कोणी सांगाल का?’ लोकांनी हसरे चेहरे टाकले. बारा गोष्टी वाचून शंका विचारणारं हे पहिलंच माणूस! मीही हसलो, पण खरं सांगू? मला गहिवरून आलं. कुणीतरी माझं लिखाण परीक्षेला बसल्यासारखं वाचलं होतं. पुढं कळलं की त्यांनी ते वहीच्या कागदावर उतरवून मेसच्या भिंतीवर, धान्याच्या डब्यांच्या वर लावलं होतं.

एप्रिलअखेरची त्यांची तिसरी राइड. सदरहून निघायचं, अमरावती रोडनं वाडी ओलांडून गोंडखैरी, तिथून उजवीकडे वळून कळमेश्वर, तिथं तर्रीपोहे, आणि परत फेटरीवरून काटोल नाक्याला. म्हणजे गेलेल्या रस्त्यानं परत यायचं नाही. हे लक्षात ठेवा.

शेपटी मी होतो.

आणि नेमके त्या दिवशी अमरावतीहून आठ जण पाहुणे आले होते. त्यांना माझा फेटरीच्या म्हशीचा किस्सा ऐकायचा होता. तो किस्सा मी इथं सांगणार नाही — बघा, जीभ वळवळते आहे, पण नाही. निघताना तिवारी मुद्दाम माझ्या बाजूला आला. तिवारी म्हणजे माझा मित्र, शेजारच्या दुकानाचा मालक, आणि किस्से सांगण्यात माझा भाऊबंद.

“तू ये गा आरामात,” तो म्हणाला. “नाही आला टायमावर तं मी सांगून देतो तुया म्हशीचा किस्सा. मले काय, पाठच आहे.”

तुम्ही म्हणाल, यात काय? सांगू दे की. पण तिवारी शेवट आधी सांगतो! म्हैस सायकलवर बसली हे तो पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, मग उरतं काय? सदर ते वाडी मी दुसरा विचार केला नाही. ट्रकांच्या रांगांतून जाताना, गोदामांसमोरच्या धुरात, पुढं प्रमिलाताईंची लाल सायकल, तिच्या फाटक्या सीटवर बांधलेली पिवळी पिशवी, आणि माझ्या डोक्यात तिवारी. त्यांच्या वेगानं गेलो तर वीस मिनिटं उशीर. वीस मिनिटांत म्हैस गेली.

वाडीत चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “प्रमिलाताई, आज जेवण नाही का वं?”

“रविवार आहे न गा!” त्या मान न वळवता म्हणाल्या. “जेव आज बायकोच्या हातचं, पाह्य कसं लागते तं!”

टपरी हसली. मीही हसलो असेन. किती मजेत चालल्या होत्या त्या.

गोंडखैरीच्या वळणाआधी पेट्रोलपंप आहे. मी जरा मागे पडलो होतो, पोचलो तर हवा भरायच्या मशीनला टेकून लाल सायकल उभी. पिवळी पिशवी. माणूस नाही. बाई आत गेली असणार, आणखी काय? माझी बोटं ब्रेकवर होती. मी सायकल पाहिली. दुसऱ्या कुणाची वाटली, ओझरती दिसली, असं काही नाही. मी ती पाहिली, ओळखली, आणि ब्रेकवरची बोटं उचलली.

शेपटीनं कुणालाही ओलांडायचं नाही. माझंच वाक्य.

झालं, एवढंच का? — असं तुमच्या मनात येईल. एक माणूस किश्श्यासाठी पुढं पळाला. वाईट, पण होतं. थांबा. मी अजून सांगितलेलं नाही. दुकानात गिऱ्हाइकाला आधी साधा माल दाखवतात, तसं मी करतो आहे.

कळमेश्वरला पोचलो तेव्हा तिवारी बाकावर एक पाय ठेवून उभा होता. हात वर. शेपूट झाडायची पोझ. मी सायकलवरूनच ओरडलो, “थांब रे!” — आणि तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. तो आवाज मी आजही ऐकू शकतो, आणि त्याची आजही मजा वाटते, हेही लिहून ठेवतो. ताटल्या भरून तयार होत्या. तर्रीवर तेल चमकत होतं. कुणी हात लावत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण शेपटी मी होतो आणि दोन शब्द लिहायचे होते.

मी फोन काढला आणि लिहिलं. शेपटी पोचली.

आमच्या कविताताई — शाळेत शिकवतात, हजेरी घ्यायची सवय — त्यांनी मान उंच करून पाहिलं. “त्या वाडीवाल्या ताई नाही दिसून राहिल्या?”

“गेल्या न त्या,” मी म्हणालो. “वाडीलेच तं घर आहे त्यांचं. तिथूनच वळल्या.”

किती सहज आलं! त्याआधी क्षणभरसुद्धा मी ते ठरवलं नव्हतं. कविताताईंनी मान डोलावली, पोह्याचा घास घेतला, आणि मी म्हशीला फेटरीच्या रस्त्यावर आणून उभं केलं.

आता येतं ते.

किस्सा अर्ध्यावर असताना पाठीच्या खिशात फोन थरथरला. बाकी सगळ्यांचे फोन आत होते, माझीच बारावी गोष्ट पाळून, आणि राइडला न आलेले अजून रविवारच्या झोपेत होते. मी ती मोडली. बोलता बोलताच फोन मांडीवर घेतला. प्रमिलाताई. ‘चेन तुटली. कळमेश्वर रोडला वळल्यावर पाटाचा पूल आहे तिथे थांबली आहे. हलत नाही. शेपटी मागून येत आहे ना?’

वर माझे दोन शब्द; ते त्यांनाही दिसले असतील, पण शेपटी मागेच असते यावर त्यांचा जास्त भरवसा. त्याखाली हा मेसेज. पोहे संपले की तीस माणसं फोन काढणार, आणि एकाखाली एक हे दोन्ही वाचणार.

आम्ही जे ॲप वापरतो त्यात ॲडमिननं कुणाचा मेसेज पुसला तर मागे काही खूण उरत नाही. लिहिणाऱ्याच्या फोनवरूनही तो जातो. जणू लिहिलाच नव्हता. फुलांचे फोटो पुसायला मला ती सोय फार आवडायची.

मी पुसला.

किस्सा थांबला नाही. खरं सांगतो, एक शब्द अडखळला नाही. हात चालू, भुवया चालू, म्हैस चालू. अंगठा एकीकडे, तोंड दुसरीकडे. लोक हसत होते. मी मनाशी म्हटलं, हे संपलं की निघू, काहीतरी कारण काढू, गुपचूप जाऊन त्यांना घेऊन येऊ. सहा-सात किलोमीटर तर होतं. आणि कोण जाणे, मी गेलोही असतो. मला वाटायचं की मी गेलो असतो. हे वाक्य मी सहा वर्षं जपून ठेवलं होतं, पण ते खोटं आहे. कारण किस्सा संपला, अमरावतीवाले डोळे पुसत होते, एक जण म्हणाला पुन्हा एकदा सांगा — आणि दुसरा मेसेज आला.

‘पहिला मेसेज गेला नाही वाटते. मी पुलाजवळच आहे. पाणी संपत आलं आहे.’

तोही पुसला.

पहिला पुसला तेव्हा घाबरलो होतो. दुसऱ्या वेळी घाबरलो नव्हतो. तेव्हा मला नीट सगळं दिसत होतं — ऊन दिसत होतं, पाटाचा पूल दिसत होता, तिथं सावली किती असते तेही मला माहीत होतं. एप्रिलचं नागपूर मला कुणी समजावून सांगायचं आहे का? आणि पर्यायही दिसत होते. पोहेवाल्याची मोटरसायकल समोर उभी होती, पंधरा मिनिटांचं काम. ते नको तर त्यांना फोन लावता आला असता, नंबर ग्रुपमध्येच होता. फोन का नाही लावला, सांगू? लावला असता तर त्यांच्या फोनवर माझं नाव आणि वेळ राहिली असती. हा विचार मी केला. पोहे खाता खाता केला.

मग आम्ही फेटरीवरून परत आलो. तिवारीनं वाटेत माझी पाठ थोपटली. घरी आमरस होता. मी दोन वाट्या घेतल्या आणि पंख्याखाली झोपलो.

त्या काय करत होत्या हे मला पुढं त्यांच्या बहिणीकडून, तुकड्यातुकड्यानं कळलं. पुलापाशी एक बाभूळ होती, तिची सावली सरकत सरकत नालीत गेली. पुढं हाकेच्या अंतरावर मोठा कडुनिंब होता. त्या तिथं गेल्या नाहीत, कारण आहात तिथंच थांबा. शेताकडे जाणारी एक बाई म्हणाली, चाल वं माय, माझ्या झोपडीत बस घडीभर. त्या म्हणाल्या, नाही बाई, आमचे लोक मागून येऊन राहिले. फोन तापून बंद पडला. दुधाचा टेम्पो तिथून गेला तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि त्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या होत्या. ऊन लागलं होतं, साधं नाही. सहा दिवस दवाखान्यात. पहिले दोन दिवस त्या बहिणीला ओळखत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. ग्रुपतर्फे. हातात शहाळी, चेहऱ्यावर योग्य ती काळजी. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, ओठ फुटलेले. मला पाहून उठायला लागल्या. आणि मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, “दादा, लय शोधलं असन न तुम्ही मले? मी कुठं दिसलीच नसन. शेपटी तं मागंच असते.”

बहीण माझ्याकडे पाहत होती. सलाईन थेंब थेंब पडत होतं.

“शोधलं, ताई,” मी म्हणालो. “लय शोधलं.”

त्यांनी हात जोडले.

इथं थांबलो असतो तरी माणूस म्हणून थोडा शिल्लक राहिलो असतो. पण ग्रुपमध्ये कुजबुज सुरू झाली होती. त्या दिवशी शेपटी कोण होतं? असं कसं झालं? कविताताईंनी मला सरळ विचारलं, त्या वाडीहून वळल्या म्हणाला होता न तुम्ही? मला तसंच वाटलं, मी म्हणालो. मग मी बसलो आणि तेरावी गोष्ट लिहिली. ‘राइड सोडताना ग्रुपवर कळवावं. न सांगता गायब होणाऱ्याला देवही शोधू शकत नाही, शेपटी तर बिचारी सायकलवर असते.’ पाहा, किती छान वाक्य आहे. मी ते दोनदा खोडून तिसऱ्यांदा जमवलं. नाव कुणाचं घेतलं नाही. गरजच नव्हती. टाळ्यांचे हात, हसरे चेहरे — कुजबुज संपली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून प्रमिलाताईंचा मेसेज आला. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. मी मेसेज लिहिला होता असं वाटते, पण फोनमध्ये दिसत नाही. उन्हात डोकं फिरलं असेल. चूक झाली. माफ करा.’

आणि मी उत्तर दिलं. सगळ्यांच्या वतीनं, मोठ्या मनानं. ‘ताई, काही हरकत नाही. नव्यांकडून होतं असं.’

ऐंशी जणांना ते आवडलं.

त्यानंतर त्या राइडला आल्या नाहीत. डॉक्टरांनी उन्हात जायला मनाई केली होती. सायकल बहिणीनं विकून टाकली. पण ग्रुप सोडला नाही. कुणाचा वाढदिवस असला की फुलं न टाकता नुसते शब्दांत आशीर्वाद देतात, कारण फुलं टाकायची नाहीत. आणि ग्रुपमध्ये त्यांच्या नावाचं एक क्रियापद झालं. कुणी न सांगता घरी गेला, कुणी रस्ता चुकला की — ‘काय रे, प्रमिला केली का?’ नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावतात, ‘काही कर, प्रमिला नको करू.’ हे मी सुरू केलं नाही. पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हा मी हसलो मात्र. किस्सेवाल्याचं हसणं म्हणजे शिक्का असतो.

दोन वर्षांपूर्वी माझा साड्यांचा माल वाडीतल्या गोदामात अडकला होता. तो सोडवायला गेलो आणि जेवायची वेळ झाली. तिथं दुसऱ्या मेस आहेत. तरी मी तिथंच गेलो — का गेलो, मला सांगता येत नाही. भिंतीवर डब्यांच्या वर माझ्या गोष्टी होत्या. पिवळ्या पडलेल्या, तेलकट. बारा त्यांच्या जुन्या अक्षरात, आणि खाली तेरावी, नंतर लिहिलेली, जरा मोठ्या अक्षरात. त्यांना मला पाहून फार आनंद झाला. भाकरीवर भाकरी वाढत होत्या. पण दर दोन मिनिटांनी बहिणीला विचारत — वरणात मीठ टाकलं का मी? त्या ड्रायव्हरले सांगितलं का, का नुसतं मनात म्हटलं? पाह्य बरं वं जरा.

त्या आत गेल्या तेव्हा बहीण हळू आवाजात म्हणाली, “त्या उन्हापासून असंच आहे, दादा. तिले स्वतःचाच भरवसा नाही राहिला. म्हणते, मी दोन खेपा मेसेज लिहिला होता. फोनमंदी तं एकही नाही. मंग म्हणते, जे म्या केलंच नाही तेही मले केल्यावानी वाटते, तं केलेलं काहून खरं मानू? आता प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते.”

मी ताटातलं सगळं संपवलं. चांगलं झालं होतं, असं म्हणालो. आणि निघालो.

हे सगळं माहीत असून मी आणखी दोन वर्षं किस्से सांगत राहिलो. म्हशीचासुद्धा.

गेल्या महिन्यात ग्रुपमध्ये एक नवा माणूस आला, बुटीबोरीकडचा, कारखान्यात नोकरीला. त्याला कुणीतरी नेहमीचं सांगितलं — प्रमिला नको करू. त्यानं विचारलं, ‘प्रमिला म्हणजे काय?’ मग उत्तर आलं. त्यांचं स्वतःचं. ‘मीच ती. मी नवीन असताना न सांगता थांबली होती, सगळ्यांना शोधावं लागलं. तुम्ही तसं करू नका. तेरावी गोष्ट नीट वाचा, ती फार महत्त्वाची आहे. शेपटी मागे असतेच.’ शेवटी हसरा चेहरा.

लोकांनी टाळ्या दिल्या. तिवारीनं लिहिलं, ‘वा ताई, याले म्हणतात मोठं मन!’

मी दुकानात होतो. समोर गिऱ्हाईक होतं, अर्धी साडी उघडी. मी तो मेसेज पाहत राहिलो, आणि मला पहिली जाणीव काय झाली ते लिहितो, कारण तेही लपवलं तर हे सगळं पुन्हा किस्साच होईल. पहिली जाणीव सुटकेची होती. आता कधीच कुणाला कळणार नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यावर माती टाकली होती, आणि मी आत सुखरूप होतो.

साडी मी नीट घडी केली. गिऱ्हाइकानं घेतली नाही.

हे छापून येईल त्या दिवशी मी हेच ग्रुपवर लावणार आहे, आणि ॲडमिनपद कविताताईंच्या हाती देणार आहे. लोक काय म्हणतील त्याचा अंदाज करत बसलो नाही. तिवारी वाचेल, अमरावतीवाले वाचतील, तो बुटीबोरीचा नवा माणूस वाचेल. मुख्य म्हणजे वाडीत त्या वाचतील, बहुतेक दोनदा, आणि बहिणीला विचारतील की हे खरंच लिहिलं आहे का. म्हणून त्यांच्यासाठी साध्या शब्दांत लिहितो.

प्रमिलाताई, त्या रविवारी तुम्ही दोन मेसेज पाठवले होते. पहिला सात वाजून बारा मिनिटांनी, दुसरा सात एकोणतीसला. दोन्ही पोचले. दोन्ही मी वाचले आणि मी पुसले. तुम्हाला शोधायला कुणी आलं नव्हतं. तुम्हाला जे आठवतं ते सगळं तसंच घडलं होतं.